अडतीस साक्षीदारांची उलटतपासणी

समाजमानसशास्त्राच्या तासाला काही गोष्टी ठरलेल्या असतात. मिलग्रॅमचा विजेचा झटका, झिंबार्डोचा तुरुंग आणि किटी जिनोव्हीजचा खून. त्यातली तिसरी सांगायला सर्वांत सोपी. न्यूयॉर्क शहर, मार्च १९६४, पहाटेचे तीन वाजून गेलेले. कामावरून घरी परतणाऱ्या तरुणीला एक माणूस गाठतो आणि भोसकतो. ती ओरडते. आजूबाजूच्या इमारतींतले अडतीस लोक अर्धा तास खिडक्यांतून पाहत राहतात. एकही जण पोलिसांना फोन करत नाही. वर्ग चिडीचूप होतो, मागच्या बाकावरून कुणीतरी 'बापरे' म्हणतं आणि शिक्षक फळ्याकडे वळून लिहितात: बघ्यांचा परिणाम. बॅरन आणि बायर्न यांच्या ज्या पाठ्यपुस्तकावर आपल्याकडच्या कित्येक तुकड्या पदवीधर झाल्या, त्याच्या वाटेने ही गोष्ट मराठी नोट्समध्ये उतरली आणि तिथे मुक्कामाला राहिली.

अडचण अशी, की अडतीस हा आकडा, अर्धा तास हा काळ आणि 'एकानेही काही केलं नाही' हा शेवट, यांतलं काहीच पुराव्यापुढे टिकत नाही. हे आता गुपितही नाही. रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हिन आणि अ‍ॅलन कॉलिन्स यांनी २००७ साली 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात खटल्याची कागदपत्रं समोर ठेवून हे मांडलं. त्याआधीच, खून झाला त्या क्यू गार्डन्स वस्तीतले एक वकील, जोसेफ डी मे, स्थानिक इतिहासाच्या नादाने ही गोष्ट पसरवणारी 'न्यूयॉर्क टाइम्स'ची बातमी ओळीओळीने तपासत बसले होते. २०१६ मध्ये खुद्द 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या जुन्या बातमीत दोष असल्याची कबुली छापली. तरी वर्गातली गोष्ट बरीचशी जशीच्या तशी आहे. आणि जिथे ती दुरुस्त होते आहे, तिथे दुरुस्ती करणारेही फार जपून बोलतात असं नाही. 'ते सगळं बनावट निघालं, लोकांनी मदत केली होती' असं सांगून मोकळं होणारे शिक्षक आता भेटू लागले आहेत. एका दंतकथेच्या जागी दुसरी बसवायची, आणि ती नवी आहे म्हणून खरी मानायची! या पुस्तकाचा रोख दोन्हींवर आहे.

आधी त्या रात्रीकडे वळू. ती रात्र समजून घ्यायची तर रस्ता आणि इमारती नीट माहीत हव्यात. पाठ्यपुस्तकांनी नेमकं तेच गाळलं.

कॅथरीन उर्फ किटी २८ वर्षांची होती. क्यू गार्डन्स ज्या क्वीन्स भागात येतं, तिथल्याच एका बारचं व्यवस्थापन ती पाहायची. १३ मार्चच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तिने आपली लाल फियाट क्यू गार्डन्स रेल्वे स्टेशनच्या वाहनतळावर लावली. घर तिथून हाकेच्या अंतरावर. ती राहायची ती इमारत दोन मजली: खाली ऑस्टिन स्ट्रीटकडे तोंड केलेली दुकानं, वर घरं, आणि घरांकडे जाणारे जिने मागच्या अंगाला, रेल्वेमार्गाच्या बाजूला. रस्त्यापलीकडे मोब्रे नावाची उंच इमारत. मारेकरी, विन्स्टन मोझली, मागावर आहे हे लक्षात येताच किटी घराच्या मागच्या वाटेला न लागता ऑस्टिन स्ट्रीटने पळाली. पहिला हल्ला झाला तो इथे, दुकानांसमोर, उघड्या रस्त्यावर. ती किंचाळली. मोब्रेमधल्या एका रहिवाशाने खिडकी उघडून त्या माणसावर आवाज चढवला, तिला सोड म्हणून दरडावलं. मोझली पळाला.

आता खिडकीतल्या माणसाच्या जागी उभे राहा. मार्चची थंडी, खिडक्या बंद. झोपेतून दचकून उठेपर्यंत, पडदा सारेपर्यंत पुरुष निघून गेलेला आणि एक बाई धडपडत चाललेली. जवळच बार, त्यामुळे रात्री-अपरात्रीचा आरडाओरडा कानांना सवयीचा. काहींना हे जोडप्याचं भांडण वाटलं आणि मिटलंसं वाटून ते पुन्हा अंथरुणात शिरले. बहुतेकांनी काही पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं, तेही अर्धवट. जखमी किटी इमारतीला वळसा घालून मागे गेली, एका जिन्याच्या दारातून आत शिरली आणि तिथे कोसळली. वार फुप्फुसापर्यंत गेला होता. पहिल्यासारखं ओरडण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. मोझलीने दरम्यान गाडी हलवली आणि दहाएक मिनिटांनी तो परत आला, दारं धुंडाळत तिच्यापर्यंत पोचला. दुसरा हल्ला आणि बलात्कार झाला तो या जिन्याच्या पायथ्याशी, दाराआड. ऑस्टिन स्ट्रीटवरच्या एकाही खिडकीतून ही जागा दिसत नाही. म्हणजे 'अर्धा तास पाहत राहिलेले अडतीस जण' ही गोष्ट माणसांच्या स्वभावाचा विचार करण्याआधीच, निव्वळ भिंतींच्या हिशेबाने अशक्य ठरते. बातमीने तीन हल्ले सांगितले होते, झाले दोन.

मात्र इथे थांबून चालत नाही. दोन माणसं अशी होती, ज्यांना भिंतींची सबब देता येत नाही. मोब्रेमध्ये देखभालीचं काम करणाऱ्या एकाने पहिला हल्ला समोरून पाहिला, चाकू पाहिला, आणि तो झोपायला निघून गेला. दुसरा माणूस किटी पडली होती त्याच जिन्याच्या वर राहणारा, तिच्या ओळखीचा. त्याने दार उघडलं, खाली काय चाललंय ते पाहिलं, दार लावून घेतलं. मग त्याने एका मैत्रिणीला फोन करून काय करू म्हणून विचारलं. तिने लांब राहायचा सल्ला दिला. तो खिडकीतून बाहेर पडून दुसऱ्या घरात गेला आणि अशी फोनाफोनी होत होत पोलिसांपर्यंत निरोप पोचायला पावणेचार उलटून गेले. पोलीस त्यानंतर दोनेक मिनिटांत आले. या दोघांना नव्या, सुधारित गोष्टीत कुणी फारसं बसवत नाही, कारण 'शेजाऱ्यांवर अन्याय झाला' या मांडणीत ते खुपतात.

आणि एक तिसरी व्यक्ती. सोफिया फरार ही शेजारीण. कुणीतरी फोनवर सांगितल्याबरोबर ती अंगावर हाती लागेल ते चढवून खाली धावली. मारेकरी अजून तिथेच आहे की गेला, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या किटीला तिने धरून ठेवलं, धीर दिला. किटीने प्राण सोडला तो पुढे रुग्णालयाच्या वाटेवर, पण त्याआधीची तिची मिनिटं एकटीची नव्हती. २०२० मध्ये सोफिया फरार वारल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख छापले. अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांत त्यांना एक ओळ मिळाली नव्हती. अडतीस भेकडांच्या गोष्टीत एका शूर बाईला जागा करायची तर अख्खी गोष्ट नव्याने लिहावी लागते. कुणी ते कष्ट घेतले नाहीत.

मग अडतीस आले कुठून? दुसऱ्या दिवशीच्या 'टाइम्स'मध्ये या खुनाची चार परिच्छेदांची साधी बातमी होती. २३ मार्चला 'टाइम्स'चे शहर संपादक ए. एम. रोझेन्थाल पोलीस आयुक्त मायकेल मर्फी यांच्यासोबत जेवायला बसले. (हे रोझेन्थाल पन्नाशीच्या दशकात दिल्लीत 'टाइम्स'चे वार्ताहर होते, पोलंडमधल्या वार्तांकनासाठी त्यांना पुलित्झर मिळालं होतं. कच्च्या गुरूचा चेला म्हणावा असा हा माणूस नव्हता.) त्यांना खरं तर वेगळंच विचारायचं होतं: आणखी एका खुनाची कबुली तोवर पकडल्या गेलेल्या मोझलीने दिली होती, आणि त्याच खुनाची कबुली दुसऱ्या एका तरुणाकडूनही पोलिसांनी आधीच घेऊन ठेवली होती. प्रश्न पोलिसांना अवघड जाणारा. मर्फी यांनी विषय काढला तो क्वीन्समधल्या अडतीस साक्षीदारांचा. हा सगळा प्रसंग रोझेन्थाल यांनी त्याच वर्षी काढलेल्या 'थर्टी-एट विटनेसेस' या छोट्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे, त्यामुळे त्यात कुणाच्या कल्पनाशक्तीला वाव नाही. आयुक्तांनी विषय मुद्दाम बदलला असं मी म्हणत नाही. पण पोलिसांच्या तपासावरचा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला होता आणि टेबलावरून उठताना नागरिकांच्या नीतिमत्तेवरचा प्रश्न झाला होता, एवढं तरी वर्गात सांगायला हवं.

२७ मार्चला मार्टिन गॅन्सबर्ग यांच्या नावाने पहिल्या पानावर बातमी आली. तिच्या मथळ्यात सदतीस आहेत आणि पहिल्या वाक्यात अडतीस. ज्याने शेवटी फोन केला तो वजा करून मथळा केला असावा; पण मग 'शेवटपर्यंत एकानेही नाही' हे त्या बातमीचंसुद्धा म्हणणं नव्हतं. ते पुढे सांगणाऱ्यांनी घातलं. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांपैकी एकाने पुढे सांगितलं, की काय चाललंय ते पाहिलेले आणि न्यायालयात उपयोगी पडतील असे साक्षीदार आम्हाला अर्धा डझनच मिळाले.

खुनानंतरच्याच आठवड्यातली आणखी एक घटना मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. मोझली पकडला कसा गेला? खुनानंतर सहाव्या दिवशी, क्वीन्समध्येच, तो भरदिवसा एका घरातून टीव्ही उचलून गाडीत ठेवत होता. शेजाऱ्याने हटकलं. घर बदलतायत, मदत करतोय, असं त्याने सांगितलं. शेजाऱ्याला पटलं नाही. त्याने दुसऱ्या शेजाऱ्याला विचारलं, ते कुठे घर बदलतायत का? नाही म्हटल्यावर पोलिसांना फोन झाला आणि एकाने मोझलीच्या गाडीचा एक भाग काढून ती सुरूच होऊ नये अशी व्यवस्था केली. पोलिसांच्या ताब्यात गेल्यावर त्याने किटीच्या खुनाची कबुली दिली. न्यूयॉर्कच्या लोकांच्या थंडपणाचं जगभर उदाहरण झालेला खुनी न्यूयॉर्कच्याच दोन चौकस शेजाऱ्यांमुळे सापडला. 'टाइम्स'ची ती बातमी छापून आली तेव्हा त्याला अटक होऊन आठवडा उलटला होता.

आता मानसशास्त्राकडे. बिब लाताने आणि जॉन डार्ली, एक कोलंबिया विद्यापीठातले, दुसरे न्यूयॉर्क विद्यापीठातले, या बातमीनंतर कामाला लागले. १९६८ चा त्यांचा प्रयोग थोडक्यात असा: विद्यार्थ्याला एका छोट्या खोलीत एकटं बसवायचं, कानाला हेडफोन, समोर मायक्रोफोन. दुसऱ्या खोल्यांतल्या विद्यार्थ्यांशी शहरी आयुष्यातल्या अडचणींवर चर्चा आहे असं सांगायचं. बोलता बोलता त्यातल्या एकाला फेफरं येतं. तो अडखळतो, मदत मागतो, गुदमरतो. हा आवाज अर्थातच टेपवरचा. त्या मुलाचं बोलणं आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो झटका ओसरण्याआधी बाहेर येऊन सांगते झाले. आणखी एक श्रोता आहे असं वाटणाऱ्यांत ६२ टक्के. आणखी चार आहेत असं वाटणाऱ्यांत ३१ टक्के. खोली धुराने भरण्याचा दुसरा प्रयोगही असाच: एकटे असताना ७५ टक्के उठले, दोन ढिम्म सोबती बाजूला बसवले तेव्हा १० टक्के.

हे आकडे अडतीस साक्षीदारांवर उभे नाहीत. बातमीने प्रश्न सुचवला. उत्तर प्रयोगाने दिलं आणि नंतरच्या पुष्कळ प्रयोगांनी ते उचलून धरलं. म्हणून गोष्ट पडली की बघ्यांच्या परिणामाचा सिद्धांत पडला, असं मानणारे जितके चुकतात, तितकेच 'सिद्धांत टिकला ना, मग गोष्ट चालवून घ्या' म्हणणारे. पण लाताने-डार्लींच्या निबंधातला मला वर्गात वाचून दाखवावासा वाटतो तो भाग आकड्यांच्या पुढचा आहे. प्रयोग संपल्यावर संशोधक त्या खोल्यांत गेले. जे उठले नव्हते ते निवांत बसलेले आढळले नाहीत. कित्येकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजलेले होते आणि त्यांचा पहिला प्रश्न होता: तो मुलगा बरा आहे ना? संशोधकांनी यावरून स्पष्ट लिहिलं, की ही बेफिकिरी नव्हे. ही माणसं जायचं की नाही हे ठरवू न शकल्याने अडकली होती. म्हणजे जो प्रयोग 'शहरी माणूस दगड झाला' या म्हणण्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तो त्या म्हणण्याच्या विरोधात साक्ष देतो. गोष्टीच्या वजनाखाली प्रयोगाचा निष्कर्षच दबला.

दुसरंही एक नुकसान झालं, आणि मॅनिंग आणि सहकाऱ्यांच्या लेखाचा खरा मुद्दा तो आहे. अडतीसच्या गोष्टीने मानसशास्त्राला एकच प्रश्न शिकवला: गर्दीमुळे मदत का आटते? गर्दीमुळे मदत वाढते कधी, हा प्रश्न अनेक दशकं बाजूला पडला. खरं तर साहित्य समोर होतं. १९६९ मध्येच आयर्व्हिंग आणि जेन पिलियाव्हिन आणि ज्युडिथ रोडिन यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रयोग केला होता. ५९ व्या आणि १२५ व्या रस्त्यांच्या स्थानकांदरम्यान गाडी साडेसात मिनिटं मध्ये कुठे थांबत नाही. तेवढ्या वेळात एक तरुण डब्यात कोसळायचा. हातात काठी असेल तर ६५ पैकी ६२ वेळा कुणी ना कुणी आपणहून उठलं. दारूचा वास आणि हातात बाटली असेल तर ३८ पैकी १९ वेळा. डब्यात माणसं जास्त म्हणून मदत कमी, असं काही दिसलं नाही. तेच शहर, तेच दशक. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत असतो, पण दोन पानं पुढे, वर्ग पांगायच्या वेळी.

अलीकडचा पुरावा तर कॅमेऱ्यांतून आला आहे. रिचर्ड फिलपॉट, मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडण-मारामाऱ्यांचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. ९१ टक्के प्रसंगांत निदान एका तरी त्रयस्थाने मध्ये पडून काही केलं: हात धरला, मध्ये उभा राहिला, समजूत घातली. बघे जास्त तर कुणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त. इथे मात्र घाईने टाळ्या वाजवू नयेत. प्रयोगशाळा विचारते, या एका माणसाने उठण्याची शक्यता किती? कॅमेरा विचारतो, मार खाणाऱ्याला कुणाचीतरी मदत मिळण्याची शक्यता किती? गर्दीत एकेकाची शक्यता घटूनही एकूण शक्यता वाढू शकते, कारण माणसंच जास्त असतात. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. विद्यार्थ्यांना हा फरक एकदा फळ्यावर गणित मांडून दाखवला की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

महाराष्ट्रातल्या वर्गात ही गोष्ट सांगितली की विद्यार्थी बहुधा गर्दीत जबाबदारी विभागली जाऊन कुणा एकाची उरत नाही, याबद्दल बोलतच नाहीत. ते म्हणतात, 'सर, पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?' शिक्षक हे उत्तर 'अभ्यासक्रमाबाहेरचं' म्हणून बाजूला सारतात, आणि ती चूक आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला पोलीस आणि रुग्णालयांचा जाच होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. लोक पुढे येत नाहीत याचं एक कारण त्यांच्या मनात नसून ठाण्याच्या पायरीवर आहे, हे कायद्याने मान्य केलं. क्यू गार्डन्सच्या गोष्टीतही ही बाजू आहेच. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ९११ हा एकच आणीबाणीचा क्रमांक नव्हता. तो १९६८ मध्ये आला. त्याआधी फोन कोण उचलेल, काय विचारेल, याचा फोन करणाऱ्याला भरवसा नसे. वस्तीतल्या एकाने, त्या वेळी तो पोरवयात होता, पुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की पहिल्या हल्ल्यानंतर आपल्या वडिलांनी पोलिसांना फोन केला होता. पोलिसांच्या नोंदीत तो फोन नाही. नोंद खरी की आठवण, याचा निवाडा या पुस्तकात केलेला नाही. दोन्ही बाजू दिल्या आहेत. शिक्षकांनीही निवाडा करू नये, वर्गाला करू द्यावा, आणि कोणता पुरावा मिळाला तर मत बदलेल ते प्रत्येकाकडून लिहून घ्यावं.

पुढच्या प्रकरणांचा क्रम नेहमीच्या पाठ्यपुस्तकाच्या उलट लावला आहे, त्याचं कारण आतापर्यंत लक्षात आलं असेल. सुरुवात प्रयोगांनी होते: आधी फेफऱ्याचा, मग धुराचा, मग रेल्वेचा, आकड्यांसकट आणि थरथरत्या हातांसकट. खुनाची गोष्ट त्यानंतर येते, आणि तीही तीन वेगळ्या कागदांत: इमारतींचा नकाशा, खटल्यातून कळलेलं, आणि वर्तमानपत्राने छापलेलं. नकाशा या गोष्टीच्या पहिल्या तासाला वाटावा आणि कोणत्या खिडकीतून काय दिसू शकतं ते मुलांना पेन्सिलीने रेषा ओढून दाखवायला सांगावं. बातमीचा कागद त्या दिवशी देऊ नये. तो दुसऱ्या तासाला.